डाव्या पायाची काच

मी शेगावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझा हात सफाईदार आहे असं लोक म्हणत आणि मलाही ते पटे.

आमच्या गल्लीत प्राणिशास्त्राचे एक सर राहत. कोकणातल्या कॉलेजात नोकरी करून निवृत्त झाले आणि गावी परतताना फॉर्मॅलिनच्या बाटल्या घेऊन आले. एका बाटलीत तांदळाच्या दाण्याएवढा, कोळंबीच्या जातकुळीतला समुद्री जीव होता. ही नवी जात आहे असं ते म्हणत. खूण एकच, पुढच्या डाव्या पायाला उजव्यापेक्षा एक दात जास्त. नोकरीत असतानाच त्यांनी दोन्ही पाय सुटे करून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्यांवर डिंकात बसवून पायांच्या काचा बनवल्या होत्या, पण शोधनिबंध पुरा करायचा राहिला आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. चित्रं तेवढी मला काढायला सांगितली.

मी सूक्ष्मदर्शकाखाली उजवा पाय पाहिला, केसन्‌केस मोजून मोठा काढला. डाव्यासाठी कागद दुमडला आणि छाप घेतला. नक्षीचा अर्धा भाग काढून उरलेला छापायचा, हेच मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होतो. डाव्या पायाची काच मी डब्यातून काढलीच नाही.

सरांनी भिंग लावून दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली.

"सारखेच हायेत बा. म्हंजे तवा मलेच भास झाला." त्यांनी निबंधाचे कागद गोळा करून ट्रंकेत टाकले.

मी मुकाट घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत गेलो, डावी काच लावली. दात होता. चांगला ठसठशीत. गुपचूप चित्र बदलून "पुन्हा पाहा" म्हणता आलं असतं, तसं मनात आलंही. पण ट्रंकेकडे नजर गेली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. सगळं सांगून टाकलं.

सरांनी ट्रंक उघडून निबंधाचे कागद बाहेर काढले. मग म्हणाले, "मास्तर, म्या तुमचे डोळे मांगतले होते. हात नाही."

त्या शब्दांनी मला जे लागलं ते आजही लागतं. डावा पाय मी नव्याने काढला. निबंध छापून आला, जात मान्य झाली. काही वर्षांनी सर गेले.

अलीकडे किनाऱ्याकडची एक संशोधक मुलगी माझं घर शोधत आली. आता जाती जनुकांवरूनही पारखतात म्हणे. सरांच्या घरून बाटली तिनं मिळवली होती, पण फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या जीवातून काही हाती लागलं नाही. काचांवरचा डिंकही गढूळ झाला होता. तसा जीव पुन्हा कुणाला सापडलेलाही नाही. तिनं छापील चित्र माझ्यापुढे ठेवलं.

"काका, आता सगळी भिस्त यावरच आहे. हा डावा पाय तुम्ही बघूनच काढलाय ना?"

"हाव," मी म्हणालो. "पण दुसऱ्या खेपेला."