कांडी रुळली

आमच्या आतोबांइतका उदास माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही आहे. माझ्या लग्नात त्यांनी मला जवळ घेऊन फक्त "असो" म्हटलं. केळीला भाव आला की ते आभाळाकडे बघून वादळ शोधतात. "कसं चाललंय?" या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे "कशाचं काय भाऊ, वाईटच चालून राहिलं." ते ऐकलं की आतोबा ठणठणीत आहेत असं समजून आम्ही निश्चिंत व्हायचो.

शनवारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या जुन्या घरात खाली त्यांचे पॉवरलूम होते, वर संसार. आत्या गेली, पाठोपाठ माग भंगारात गेले, आणि मुलाने त्यांना गावाबाहेरच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर नेलं. सोबत आत्याची मांजर. मागावरच्या सुताच्या कांड्या पळवायची म्हणून आत्यानेच तिचं नाव कांडी ठेवलं होतं. "ही पळाली तर तुझ्या आत्याचं माझ्यापाशी काहीच नाही राहणार," आतोबा मला म्हणाले. मांजर वाट लक्षात ठेवून जुन्या घरी परतते, म्हणून तिला पोत्यात घालून त्यांनी ऑटो उगीचच गल्लीबोळांतून फिरवली. मी शेजारी बसलो होतो. ऑटोवाला कंटाळून म्हणाला, "काका, जायचं तरी कुठं आहे?"

"हळू बोल. मांजराला समजू नाही द्यायचं."

"मला बी नाही समजून राहिलं, काका."

नव्या घरात कांडी कपाटाखाली शिरली ती बाहेर येईना. दूध तसंच, मासळी तशीच. आतोबाही जेवेनात. मग त्यांनी निदान केलं की जन्मापासून मागाच्या खडखडाटात झोपलेल्या जिवाला ही शांतता खात असणार. सुनेने मोबाइलवर मागाचा व्हिडिओ लावून दिला. "ह्या मागाचा बेल्ट ढिला आहे," म्हणून तो त्यांनी बंद केला. मग स्वतःच जमिनीवर बसून, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा, जपून ठेवलेला लाकडी धोटा पाटावर आपटू लागले. खट-खटाक, खट-खटाक. खालच्या मजल्यावरचे भांडायला आले. पण कांडी बाहेर आली आणि दूध प्यायली.

परवा गेलो तेव्हा कांडी सुनेच्या मांडीवर टीव्हीसमोर पसरली होती. आतल्या खोलीत आतोबा एकटेच पाटावर धोटा आपटत बसले होते. मी म्हटलं, "आतोबा, कांडी तर रुळली. आता कोणासाठी?" त्यांनी पाट जरा जवळ ओढला.

"आणि तुमचं कसं चाललंय?"

"बरं आहे," ते म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून हे उत्तर मी ऐकलं नव्हतं. खालून कोणीतरी ओरडलं. आतोबांचा हात थांबला नाही आणि मीही त्यांना थांबा म्हटलं नाही.