चितळांचा खोकला

माझी मोठी बहीण गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यात मला धायरीच्या हरणांकडे पाठवलं.

आम्ही दोघी बिनलग्नाच्या. कर्वेनगरला दोन खोल्यांत राहायचो. ती शाळेत शिकवायची, मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. एका सकाळी चहा गाळताना ती ओट्यापाशीच खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मी आधी गॅस बंद केला, मग तिच्याकडे वळले. पुढे बरेच दिवस लोक भेटायला येत, माझा हात हातात घेत, आणि मी त्यांना पाणी हवं का विचारत असे. रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

रजा संपवून कामावर गेले तर साहेब म्हणाले, "धायरीला एका ट्रस्टच्या बागेत चितळं पाळलीत. खंगत चाललीत म्हणे. बघून या. तुम्हालाही जरा हवापालट."

धायरी तेव्हा गावच होतं. सिंहगड रस्ता सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये एखादं नवं घर. ट्रस्टचे अध्यक्ष गावातलेच मोठे जमीनदार होते, सगळे त्यांना दादा म्हणत. वनखात्याची परवानगी काढून त्यांच्या वडिलांनी हा कळप ठेवला होता. कुंपणाला लागूनच दादांचा गाईंचा गोठा. रविवारी गावातली माणसं पोरांना घेऊन हरणं बघायला यायची.

हरणांची देखभाल करणारे चाचा आणि चाची कुंपणाच्या आतच एका खोलीत राहत. चाचांचं घराणं पुण्यातलंच, वडील भवानी पेठेत टांगा चालवायचे. त्यांनी फाटक उघडलं आणि कळप एकदम माना वर करून उभा राहिला. कान टवकारलेले, डोळे लख्ख. मला त्यात आजारी एकही दिसेना.

"चाचा, चांगली दिसताहेत की."

"तुम्ही आहात म्हणून, डॉक्टरबाई. माणूस दिसला की नाटक करतात. खोलीत येऊन बसा, मग बघा."

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण विसरले होते. दुबळेपणा दिसला की हरणाला खाणारं कुणीतरी येतं. त्यामुळे ते शेवटपर्यंत आजार लपवतं आणि एक दिवस थेट आडवंच होतं. मी चाचांच्या खोलीत खिडकीला गोणपाट लावून बसले. चाचींनी चहा दिला. थोड्या वेळानं कळप सैलावला आणि मग एकेक दिसू लागलं. एक मादी सगळ्यांपासून लांब, पाठ कमानीसारखी करून उभी होती. बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळलेली. तिची मान हळूहळू खाली गेली आणि ती खोकली. कोरडा, छोटा खोकला. मागोमाग दुसरीकडून तसाच आवाज आला. एका नराच्या जबड्याखाली गाठ होती.

खोलीतही कुणीतरी खोकलं. ते चाचा होते.

चाचींनी सहज विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"बहीण असते," मी म्हणाले. ते दुरुस्त करायचं मला सुचलं नाही.

पहिला संशय जंतांचा. लेंड्या तपासल्या, थोडी अंडी सापडली, खाद्यातून औषध दिलं. काही फरक पडला नाही. मग रक्त काढायचं ठरलं. जाळं लावून ती वाळलेली मादी पकडली, डोळ्यांवर फडकं बांधलं, चाचांनी तिचं डोकं मांडीवर धरलं. तिचं काळीज इतकं उडत होतं की माझा हात तिच्या बरगड्यांवर ठरेना. जेमतेम रक्त मिळालं. सोडल्यावर ती पळाली, पण दुसऱ्या दिवशी तिचे पाय लाकडासारखे ताठले, लघवी काळपट झाली, आणि ती गेली. हरणांत असं होतं. भीतीनं आणि धडपडीनं त्यांचे स्नायू आतल्या आत जळतात. म्हणूनच हरणाला औषध देण्यापेक्षा त्याला हात लावणं अवघड.

बागेच्या मागे ताडपत्री अंथरून मी तिला उघडलं. मांडीचे स्नायू उकडल्यासारखे पांढरट पडले होते. ते मला अपेक्षितच होतं. छाती उघडली तेव्हा मात्र फुप्फुसात ठिकठिकाणी पिवळट गाठी दिसल्या. एक कापली तर चाकूखाली वाळू लागावी तशी कचकच झाली. आत पनीरसारखा घट्ट पू. चाचा माझ्याकडे बघत होते.

"काय आहे?"

"लांब व्हा, चाचा. तोंडाला रुमाल बांधा."

मी तुकडे बाटल्यांत भरले, झाकणं घट्ट लावली, हात धुतले आणि डबा उघडून तिथेच झाडाखाली जेवले.

प्रयोगशाळेतले आमचे सर सूक्ष्मदर्शकावरून उठून मला म्हणाले, "बघा." निळ्या रंगावर लाल काड्या विखुरलेल्या. क्षयाचे जंतू.

"माणसाचा की गाईगुरांचा?" मी विचारलं.

"आपल्याकडे इतकं कळायची सोय नाही. जंतूंकडे जन्मदाखला नसतो, बाई." मग चष्मा पुसत म्हणाले, "हरणं पाळायची हौस सगळ्यांनाच. हरणांना कुणी विचारलं नाही."

दादांना सांगायला गेले तर त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

"मग दुसरं काय? त्या चाचाचाच हाय हा रोग. दोन म्हैनं झालं खोकतोय. त्यानंच लावला माझ्या हरणांना. उद्याच खोली खाली करायला लावतो."

"असेलही," मी म्हणाले. "पण त्यांना कुठून लागला, तेही बघायला नको का?"

"त्यांच्या वस्तीत कमी हाय का रोगराई?"

मी त्यावर वाद घातला नाही. एरवी घातला असता. फक्त म्हणाले की, तपास पुरा होईपर्यंत कुणालाही हलवू नका; रोग पसरवल्याचा ठपका ट्रस्टवर येईल. ते त्यांना पटलं.

चाचांना मी महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. चाचींनाही तपासून घेतलं, त्यांना काही नव्हतं. परत येताना बसमध्ये चाचा खिडकीबाहेर बघत बसले होते. स्वारगेटला उतरल्यावर म्हणाले, "म्हणजे मीच मारलं का त्यांना?"

"माहीत नाही, चाचा. तुमचा खोकला कधीपासूनचा?"

"दोनेक महिने."

"आणि हरणांचा?"

ते थांबले. "हरणं तर गेल्या थंडीपासून खंगताहेत."

मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून विचारत गेले. कळपात बाहेरून कुणी आलं का? नाही. खाद्य बदललं? नाही. आईविना राहिलेली पाडसं वाढवली का? हो, दोन वर्षांपूर्वी दोन, चाचींनीच, बाटलीनं.

"दूध कुठलं?"

"शेजारच्या गोठ्यातलं. दादांच्या गाईचं."

"तापवून?"

"नाही हो. दादांचा हुकूमच होता, धारोष्ण पाजा म्हणून. तापवलं की कस जातो म्हणायचे. पाडसांनी बाटलीत ठेवलं तर ते मी पिऊन टाकायचो. दूध ओतून देववत नाही."

ती दोन पाडसं पुढे मोठी होऊन कळपात मिसळली होती. मी ताडपत्रीवर उघडलेली मादी त्यांतलीच एक होती.

गाईंना टोचून बघायला दादा तयार नव्हते. "माझ्या गाईंना काय धाड भरलीय?" गाई खरंच देखण्या होत्या, अंगानं भरलेल्या. मी म्हटलं, "काही नसेल तर तसं लिहून देते. मग तुम्ही चाचांना काढा, मी मध्ये पडणार नाही." त्यावर ते हो म्हणाले. मानेच्या कातडीत औषध टोचलं; क्षय असेल तर टोचल्या जागी सूज येते. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा दादा गोठ्यातच उभे होते. तीन गाईंच्या मानेवर लिंबाएवढी सूज आली होती. त्यांतली एक दादांची आवडती कपिला गाय. तिच्याच धारा पाडसांसाठी काढत.

दादा त्या सुजेवरून बोट फिरवत राहिले. "कुणी कुणाला दिला, हे तुम्ही सांगू शकत नाय ना?"

"छातीठोक नाही. पण हरणं चाचांच्या आधी खोकायला लागली, आणि दूध सगळ्यांच्या आधीचं आहे."

संध्याकाळी चाचींनी सांगितलं की, दादांचा गडी निरोप देऊन गेला, खोली खाली करायची गरज नाही.

पुढे जे झालं त्याला उपचार म्हणवत नाही. क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने, न चुकता, एकेका हरणाला द्यायच्या तर त्याला पकडणं आलं, आणि पकडलं की ते मरणार. सगळा कळप वेदनेविना संपवावा, हा माझा सल्ला होता. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करावा लागला असता. दादा त्यावर सही करीनात. "वडलांनी जगवलेलं मी मारायचं?" गाईंच्या बाबतीतही तेच. त्या गावाबाहेरच्या मळ्यात वेगळ्या बांधल्या, दूध बंद केलं. हरणांची बाग लोकांना बंद झाली. नर आणि माद्यांमध्ये तारा ओढल्या, म्हणजे नवी पाडसं होऊ नयेत. चुना टाकला, पाण्याची टाकी फोडून नवी बांधली. आणि आम्ही थांबलो.

दर आठवड्याला मी जायचे. गोणपाटाआडून बघायचे. कुणी आडवं झालं असेल तर ताडपत्री. सगळ्यांच्या छातीत तेच होतं, तरी उघडून बघावं लागे. चाचा आता रुमाल बांधून लांबून काम करत. महापालिकेच्या गोळ्यांनी त्यांचं वजन वाढत होतं, गाल भरले होते. एकदा गोळ्यांचं पाकीट हातात धरून म्हणाले, "मला एवढ्या गोळ्या. त्यांना काय?"

"त्यांना नाही, चाचा."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटायला हवं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

शेवटी दोन माद्या उरल्या, मग एक. एकटं चितळ जगत नाही. ती दिवसभर कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारायची आणि कोपऱ्यात थांबून कळपाला बोलवावं तशी ओरडायची. तो आवाज वाडीवस्तीवर जाई. एके दिवशी दादा स्वतः आले. पायांत वहाणा नव्हत्या. म्हणाले, "बाई, आणा तो कागद." मी टाइप करून नेला, त्यांनी सही केली. परवानगी यायला वेळ लागला, आणि ती यायच्या आत मादी गेली. सकाळी चाचांना टाकीपाशी सापडली. अंगावर दव होतं, ते त्यांनी फडक्यानं पुसून काढलं होतं.

त्या दिवशी मी तिला उघडलं नाही. नियमानं उघडायला हवं होतं. चुना टाकून खोल पुरली. दादांनी स्वतः माती लोटली.

चाचांचा खोकला गेला, थुंकी साफ निघाली. दादांनी त्यांना मळ्यावरच्या राखणीला ठेवून घेतलं. बागेच्या जागेवर पुढे बरंच काही झालं, मी पाहायला गेले नाही.

शेवटची मादी पुरली त्याच आठवड्यात मांजरी गावात एका उसाच्या शेतात म्हशीला बघायला जायचं होतं. कास सुजलेली. मालक म्हणाला, "मारकी नाय, बाई, बिनधास्त हात लावा." मी खाली बसले, कास धुतली, सडात औषध सोडलं. उठताना आधारासाठी तिच्या पोटाला खांदा टेकवला. आत रवंथाची गुडगुड चालू होती, आणि अंग चांगलंच गरम होतं. काम झालं होतं. मालक पाण्याची बादली घेऊन उभा होता. मी तशीच टेकून राहिले.

"काय झालं, बाई?" त्यानं विचारलं. "ताप हाय का तिला?"

"नाही," मी म्हणाले. "एवढी ऊब असतेच."