साळूबाईच्या नावावर

साळूबाई मेल्याचं साळूबाईला रेशनच्या दुकानात कळलं. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी होता. पिशवी काखेत मारून ती ओळीत उभी होती. दुकानदाराने मशीनवर तिच्या कार्डाचा नंबर मारला, डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा मारला आणि म्हणाला, "मावशी, तुमचं नाव निघालंय. हितं मयत दावतंय."

"कोन मयत?"

"तुमीच की."

मागच्या बाया हसल्या. साळूबाईही हसली. सरकारी कागदात चूक निघाली की आपल्याकडे माणूस आधी हसून घेतो. हेलपाटे नंतर सुरू होतात आणि तेव्हा हसायला दम उरत नाही. ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. चार दिवसांनी बँकेत गेली, तर निराधारचे पंधराशेही जमा झाले नव्हते. मेलेल्या बाईला पेन्शन कोण देणार?

बोरमाळ हे तिचं गाव, खर्ड्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, डोंगराच्या अंगाला. नवरा कल्याण गवंडी होता. अकरा वर्षांपूर्वी कर्जतला एका गाळ्याचं काम करताना परांचीवरून पडला आणि जागीच गेला. जमीन नाही, मुलगा नाही. एक मुलगी, रुपाली, ती श्रीगोंद्याकडे दिलेली. साळूबाई लोकांच्या रानात खुरपायला, कांदे काटायला जायची आणि कुणापुढे हात न पसरता राहायची. मग गुडघे गेले, आणि त्याच सुमारास कामही गेलं. कांद्याचा भाव असा पडला की लोकांनी उभ्या पिकात मेंढरं सोडली. काटायला कांदाच नाही तर काटणारणीला कोण बोलावतो? तणावर औषध मारायची सोय झाली, खुरपणंही संपली. उरले ते कार्डावरचे गहू-तांदूळ आणि महिन्याचे पंधराशे. असल्या पैशांवर माणसं आळशी होतात, असं पोट भरलेले लोक म्हणतात. त्यांनी एकदा पंधराशेत बीपीच्या गोळ्या, तेल, चहा-साखर आणि लाईटबिल बसवून दाखवावं.

आता ही चूक झाली कशी, ते सांगायला हवं. खरं म्हणजे चूक झालीच नव्हती. साळूबाई मेली होती, हे अगदी खरं होतं. सत्त्याऐंशी साली कल्याणची पहिली बायको साळूबाई पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली, आणि त्या वेळच्या ग्रामसेवकाने, कधी नव्हे ते, वेळेवर नोंद केली. दोन वर्षांनी कल्याणने दुसरं लग्न केलं ते श्रीगोंद्याकडच्या गोजरशी. गोजर तेव्हा एकोणीस वर्षांची. बोरमाळच्याच मारुतीच्या देवळात लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले, आणि नवऱ्याने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासू पुढे झाली.

"नाव तेच लिही. साळू. म्हंजी मागलीचा जीव अडकायचा न्हाई."

मेलेल्या सवतीचा मान राखायची रीत आपल्याकडे आहेच. कुणी तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतं, कुणी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतं. या सासूने नावच गळ्यात बांधलं. त्यात व्यवहारही होता. रेशनकार्डावर साळूबाई होतीच. मेलेलीचं नाव कमी करा, नवीचं चढवा, म्हणजे तालुक्याला चार खेपा. त्या वाचल्या. गोजरची साळूबाई झाली आणि मेलेल्या बाईच्या वाट्याची साखर तिच्या चहात पडू लागली.

नाव बदलताना तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिने ते वापरून वापरून आपलं केलं. त्याच नावाने ती मत देत आली, त्याच नावाने आधार निघालं. दवाखान्यात रुपालीच्या जन्माच्या कागदावर आईचं नाव साळूबाई असंच लागलं. साळूबाई मरून सहा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली, आणि त्याचं तीस वर्षं कुणालाही काही वाटलं नाही. मग ग्रामपंचायतीच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढल्या. मयतांची वही आणि लाभार्थ्यांची यादी एकमेकींशेजारी आल्या, आणि साळूबाई दोन्हीकडे सापडली.

तालुक्याच्या कचेरीत कारकून बाई होत्या. वाईट बाई नव्हत्या, खुर्ची दिली बसायला.

"आजी, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय. पण ही मृत्यूची नोंद खोटी आहे का?"

"न्हाई ओ बाई. खरी हाय."

"म्हणजे साळूबाई कल्याण मेली."

"मेली. पन ती येगळी, मी येगळी."

"तुम्ही वेगळ्या, तर मग इतकी वर्षं तिच्या नावावर तुम्ही कसं काय उचललंत?"

बाईंनी आवाज खाली केला आणि हे असं दुसऱ्या कुणासमोर बोलू नका, वसुली लागेल, असं सांगितलं. वसुली म्हटल्यावर तिची पाचावर धारण बसली. ती पायऱ्या उतरून खाली आली.

कचेरीसमोर मेहताबचं ऑनलाईन अर्ज भरायचं दुकान आहे. मेहताबचे वडील नूरुद्दीन कल्याणच्या जोडीने गवंडीकाम करत. पोरगा लहानपणी साळूबाईच्या हातची भाकरी खाऊन गेलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, साळूबाई आता जित्ती हुत न्हाई. तो नाद सोडा. तुमी तुमच्या आधीच्या नावावर या. शाळेत गेल्ता का कधी?"

गेली होती. दुसरीपर्यंत. गुडघ्याला फडकं बांधून, दोन एसट्या बदलून ती माहेरच्या गावी गेली. भाऊ-भावजय कामाला पुण्याकडे गेलेले, घराला कुलूप. ती सरळ शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून जुनं रजिस्टर काढलं आणि अर्ध्या तासात नाव सापडलं. गोजर श्रीमंत. इयत्ता दुसरी. शाळा सोडल्याचं कारण, सतत गैरहजर. साळूबाईला वाचता येत नव्हतं. तिने गुरुजींकडून ते दोनदा वाचून घेतलं. छत्तीस वर्षांत तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, बाप कधीच गेला होता. तो दाखला छातीशी धरून ती एसटीत बसली आणि वाटभर खूश होती. फेब्रुवारीपासून तिला बरं वाटलं ते एवढंच.

आधारवरचं नाव बदलून यायला उन्हाळा गेला. मग मेहताबने नवा अर्ज टाकला. गोजरबाई, कल्याणची विधवा. अर्ज परत आला. कल्याणच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नी म्हणून साळूबाई आहे. लग्नाची नोंद कुठे नाही. तरी गोजरबाई नावाच्या स्त्रीचा मयत कल्याणशी संबंध काय, याचा पुरावा जोडावा. पुन्हा टाकला, पुन्हा परत आला. पंचवीस वर्षं एका ताटात जेवल्याचा पुरावा कुठल्या खिडकीवर मिळतो, ते मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं.

तोवर ती खात काय होती? शेजारच्या ज्ञानेश्वरीबाई संध्याकाळी एक भाकरी आणि कालवण पाठवायच्या. गोळ्या ती एक दिवसाआड घेऊ लागली होती. रुपाली एकदा येऊन दहा किलो पीठ टाकून गेली. तिच्या नवऱ्याचा टेम्पो कारखान्याच्या कामावर होता. त्या साली ऊसच नव्हता, कारखाना दोन महिने आधी बंद पडला आणि टेम्पो दारात उभा राहिला. सासू-सासरे, दोन पोरं, दोन खोल्या. आईला घेऊन जाते, असं ती म्हणालीही नाही, आणि तिने तसं म्हणावं अशी साळूबाईने वाटही पाहिली नाही.

श्रावणात मेहताबने तिला बोलावून घेतलं. त्याच्या हातात योजनेचा कागद होता. कोणाकोणाला पेन्शन मिळते याची यादी. त्याने तिच्याकडे न बघताच वाचलं.

"विधवा झालं, टाकलेली झालं. अजून एक हाय. पस्तिशीच्या म्होरं गेलेली, लगीन न झालेली बाई." त्याने कागद खाली ठेवला. "काकू, कागदावर तुमचं लगीन झालेलंच न्हाई. दाखल्यावर बापाचं नाव हाय, आता आधारवर बी तेच. ते तसंच ऱ्हाऊ द्यायचं."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा तोल गेला.

"मंग पंचवीस वर्सं त्येच्या घरात मी काय भाड्यानं राहिले व्हय रं? आनि रुपी कुनाची?"

ती दुकानातून उठून चालती झाली. आठ दिवस ती त्याच्या दुकानाकडे फिरकली नाही. आपल्या उभ्या जन्मात आपण एकदाच लग्न केलं, तेही दुसऱ्या बाईच्या नावाने, आणि आता तेही नाही म्हणायचं, याचा तिला इतका संताप आला होता की भुकेचंही भान नव्हतं. नवव्या दिवशी ज्ञानेश्वरीबाईंची सून भाकरी घेऊन आली. ताट उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "मावशी, आत्यानं सांगितलंय, उद्यापास्नं आमाला बी जमायचं न्हाई. आमचंच पुरंना झालंय." पोरगी सांगताना कासावीस झाली होती, तिचा काही दोष नव्हता. साळूबाईने ती भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने मेहताबच्या दुकानात गेली.

प्रतिज्ञापत्राला दोन साक्षीदार लागत होते. बोरमाळमधून कोण सही करणार? सारं गाव तिच्या लग्नात जेवलेलं, कल्याणच्या दहाव्याला सगळे हजर. उद्या चौकशी आली तर आम्ही अडकू, असं म्हणून सरपंचापासून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. तिची पेन्शन मिळावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, सही तेवढी दुसऱ्याने करावी. शेवटी नूरुद्दीनने केली. तो सही करून लगेच निघून गेला, चहालाही थांबला नाही. दुसरी सही बोरमाळबाहेरच्या, आणि नातं दिसू नये म्हणून वेगळ्या आडनावाच्या माणसाची हवी होती. असं एकच माणूस तिच्या जवळचं होतं.

रुपाली दुपारी आली. मेहताबने कागद तिच्यापुढे ठेवला. आईला वाचता येत नाही, म्हणून रुपालीनेच तो मोठ्याने वाचला.

"मी, गोजर श्रीमंत, वय पंचावन्न, प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की, मी अविवाहित आहे. मला कोणीही वारस किंवा अपत्य नाही. माझा सांभाळ करणारं कोणी नाही."

अपत्य नाही या ओळीला तिने एकदा आईकडे पाहिलं आणि मग शेवटपर्यंत वाचलं. आई समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. अंगठ्याला शाई लावली तेव्हाही ती तिकडेच बघत होती. मेहताबने बोट धरून अंगठा उठवून घेतला.

रुपालीने आपलं नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव, सासरचा पत्ता. मग पेन थांबलं.

"हितं अर्जदाराशी नातं विचारलंय," ती म्हणाली. "काय लिहू?"

मेहताबने प्रिंटरचं झाकण उघडलं आणि उगाच आत बघत राहिला.

"काही नाही, असं लिही," गोजर म्हणाली.

"आई, मी..."

"हितं आई म्हनू नको. दारात मानसं हायेत."

रुपालीने 'काही नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.