मराठी एक, इंग्रजी नऊ

"तुमचं हार्ट एकदम चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले, आणि माझी बायको ढसाढसा रडायला लागली.

आम्ही कॅज्युअल्टीत होतो. तिच्या छातीत दुखत होतं, हात गार पडले होते, श्वास पुरत नव्हता. ईसीजी काढून झाला होता. ट्रोपोनिनची तपासणीही झाली होती. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. ते वाढलेलं नव्हतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही व्यवस्थित होती. मी हुश्श केलं. इतक्या चांगल्या बातमीवर रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "ताई, हा पॅनिक अटॅक आहे. याआधी आलाय का?"

सुजातानं मान हलवली, होय म्हणून. बरेचदा, म्हणाली. एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी मला समजावलं. अशा अटॅकची भीती मनात बसून ते पुन्हा पुन्हा यायला लागले, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. शरीरातली धोक्याची घंटा कारण नसताना वाजायला लागते. माणसाला वाटतं आपण आत्ता मरणार. "दुखणं खरं असतं," ते म्हणाले, "नाटक समजू नका. फक्त ते हृदयाचं नसतं. घरात काही मोठं घडलंय का अलीकडे?"

मी सुजाताकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मग मीच सांगितलं: ही नर्स आहे. हिची नोंदणी निलंबित झालीय.

परत येताना गाडीवर मागून ती म्हणाली, "हृदयाचं असतं तर चारचौघांत सांगता आलं असतं. आता म्हणतील, लायसन गेलं आणि हिचं डोकं फिरलं."

आता काय घडलं होतं ते सांगतो.

सुजाता पिशोरची. शाळा मराठी, गणितही मराठी आकड्यांत. नर्सिंगला इंग्रजी शिकली, वॉर्डात सगळी नोंद इंग्रजीतच करायची. पण घाई झाली की तिचा हात आपोआप मराठीवर यायचा. औषधाच्या चार्टवर, म्हणजे पेशंटला कोणतं औषध किती वाजता दिलं त्या कागदावर, ती दुपारच्या एकला मराठी '१' काढायची. वॉर्डातल्या सगळ्या मुली इकडच्याच, औरंगाबाद जिल्ह्यातल्या. कन्नड, वैजापूर, गंगापूर. त्यांना ते लगेच कळायचं. कुणी कधी टोकलं नाही.

मग केरळहून जिन्सी नावाची नवीन नर्स आली. आता तुम्हीच कागदावर मराठी एक काढा आणि मराठी न येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. तो इंग्रजी 9 दिसतो.

एका आजोबांचं ऑपरेशन झालं होतं. दर आठ तासांनी दुखण्याचं इंजेक्शन होतं. सुजातानं ते दुपारी एकला दिलं आणि '१' लिहून, सही करून घरी आली. जिन्सीनं ते सकाळी नऊ वाचलं. तिच्या हिशेबानं पुढचा डोस संध्याकाळी पाचला आला, आणि तिनं तो दिला. चार तासांत दोन इंजेक्शनं झाली. आजोबा झोपेतून उठेनात, ऑक्सिजन खाली गेला, त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते उठून चहा मागायला लागले, पुढं ठणठणीत होऊन घरी गेले. पण चौकशी लागायची ती लागलीच. जुने चार्ट काढले तर आणखी काही ठिकाणी तसेच आकडे निघाले. हॉस्पिटलनं दोघींना घरी बसवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत, नर्सांची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलनं सुजाताची नोंदणी निलंबित केली. मुंबईच्या सुनावणीत ती कायमची रद्दही होऊ शकत होती.

माझा स्वभाव तापट आहे. कंपनीत मेंटेनन्सला आहे, मशीन बंद पडलं तरी मी आधी शिव्या देतो आणि मग पाना उचलतो. ओळखीच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, सोपं आहे. दुसरं इंजेक्शन कुणी दिलं? त्या मुलीनं. आकडा वाचता येत नव्हता तर फोन करून विचारायचं होतं. सगळं तिच्यावर टाका. मला ते लाख पटलं. घरी येऊन उत्साहानं सांगितलं.

सुजाता भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिनं जे दिसलं ते वाचलं. तिचा गुन्हा काय, मराठी येत नाही हा?"

"अगं, पण तुझं करिअर..."

"औषध मी बरोबर दिलंय, हे मी ओरडून सांगीन. पण लिहिलं मी चुकीचं. तेही सांगीन."

मी चिडलो, जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं. शेवटी भूक लागल्यावर गुपचूप जेवलो.

म्हणजे मनानं ती पक्की होती. शरीर मात्र ऐकत नव्हतं. हॉस्पिटलसमोरून गाडी गेली तरी तिचा श्वास अडायचा. हातात पेन घेतला की बोटं थरथरायची. गॅसवाल्याच्या पावतीवर सही करायलाही ती मला पुढं करायची.

मानसोपचाराच्या ओपीडीत आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या बाकांवर सगळे एकमेकांची नजर चुकवून बसलेले असतात. पहिल्यांदा मीसुद्धा हेल्मेट काढलं नव्हतं. सुजातानं कोपरानं ढोसलं, "काढा ते. दरोडा घालायला आलाय का?" आत बीपी बघणाऱ्या मुलीला तिनं दंडावरचा पट्टा जरा वर बांधायला लावला. नर्स पेशंट झाली की तिच्यासारखा वैतागवाणा पेशंट नाही.

डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली गोळी दिली. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, त्याचा तोल सावरायला ही गोळी मदत करते. लगेच गुण येत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो. सुरुवातीला मळमळतंही. दुसऱ्यांना आयुष्यभर गोळ्या वेळेवर देणारी ही बाई स्वतःची गोळी घ्यायला कुरकुर करायची. मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहायचो आणि तिच्याच वॉर्डातल्या आवाजात म्हणायचो, "चला, तोंड उघडा, गिळली का दाखवा." एकदा ती हसली. किती तरी दिवसांनी हसली.

गोळीबरोबर सीबीटी होती. ही बोलून करायची उपचारपद्धत. भीतीचा विचार पकडायचा, तो खरा आहे का ते तपासायचं, आणि ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करत राहायचं. समुपदेशक बाईंनी घरचा अभ्यास दिला, रोज पेन धरून आकडे लिहायचे. सुजाता दोनदा प्रयत्न करून उठून गेली.

माझी आई हे सगळं बघत होती. ती शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. तिनं परातीतलं ज्वारीचं पीठ हातानं सपाट केलं आणि सुजातापुढं सरकवलं.

"हितं लिही. पेन नगं अन् काय नगं. चुकलं तर हात फिरिव, मिटंल."

सुजातानं बोटानं इंग्रजी एक काढला. आई वाकून बघायला लागली. "ह्यो दांडका? ह्यो व्हय तुमचा एक?"

"व्हय आई, हाच एक."

"लई सोपाय की मंग. पोरी, एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलं व्हय!"

मला वाटलं, आता सुजाता दुखावणार. पण ती खो-खो हसत सुटली. त्या दिवसापासून रोज पिठात आकडे. आई एकेका आकड्याची परीक्षा घ्यायची आणि तिलाच इंग्रजी आकडे येत नसल्यामुळे रोज पास करायची. भाकरी उशिरा मिळायची, पण कुणी तक्रार केली नाही.

एक दिवस शेजारच्या काकू बी-ट्वेल्वचं इंजेक्शन घेऊन दारात आल्या. आमच्या गल्लीत बहुतेकांनी कधी ना कधी सुजाताकडून सुई टोचून घेतलीय, हात हलका आहे तिचा. सुजातानं नाही म्हणून सांगितलं. दवाखान्यात जा म्हणाली.

काकू गेल्यावर आई कुरकुरली. "आगं, शेजारचीच तर हाय. कोण बघायला येतंय हितं?"

"नोंदणी चालू नाही आई. बघायला मी आहे ना."

मी बाहेर ओट्याजवळ गाडी पुसत होतो, फडकं हातातच राहिलं. लायसन कागदावरून गेलं होतं, तिच्यातून कुठं गेलं होतं? मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच टायरसुद्धा पुसून काढला.

मध्ये जिन्सी घरी येऊन गेली. चार-पाच वाक्यांची तयारी करून आली असावी, पण दारातच रडायला लागली. "दीदी, मैं नौ पढ़ा. सच में नौ पढ़ा." सुजातानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. "मैंने लिखाच वैसा था रे," म्हणाली. आमची सुजाता हिंदीही औरंगाबादचीच बोलते. जाताना आईनं जिन्सीच्या पदरात नारळ टाकायचं ठरवलं, पण ती जीन्समध्ये होती, म्हणून पिशवीत टाकला.

सुनावणीचा दिवस आला. मुंबईला आम्ही ट्रॅव्हल्सनं गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात बसलो असतानाच तिला अटॅक आला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी म्हटलं, "चल, तारीख बदलून घेऊ. डॉक्टरांचा कागद आहे आपल्याकडे."

तिनं चपला काढल्या, पाय गार फरशीवर टेकवले आणि शिकवल्याप्रमाणं सावकाश श्वास घ्यायला लागली. घ्यायचा कमी वेळ, सोडायचा जास्त वेळ. मी तिच्याबरोबर घेत होतो, मलाच चक्कर आली. नाव पुकारलं तेव्हा तिचे हात अजून गार होते. ती उठली. "तारीख नको. आजच," म्हणाली.

दार लोटलेलं होतं, मी बाहेर कान लावून उभा. चौकशी समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं, "औषध खरंच दुपारी एकला दिलं होतं?"

"हो मॅडम. माझ्या हातानं. नाव विचारून, मनगटावरचा पट्टा बघून."

"मग तुमची चूक काय?"

"देणं हे अर्धं काम झालं. काय दिलं, कधी दिलं, ते पुढच्या माणसाला बिनचूक कळणं हे उरलेलं अर्धं. ते मी केलं नाही. जिन्सीनं जे दिसलं तेच वाचलं. तिच्या जागी मी असते आणि कागदावर मल्याळम आकडा असता, तर मीही चुकले असते."

मग बाई म्हणाल्या, "इथं लिहून दाखवा. मराठी एक आणि इंग्रजी एक, दोन्ही."

पेन. समोर पाच माणसं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तिनं हात टेबलावर टेकवला आणि दोन आकडे काढले. "हा माझ्या शाळेचा एक," ती म्हणाली, "आणि हा कामावरचा. आता मिसळणार नाही."

निकाल काही दिवसांनी आला. निलंबन उठलं नाही. ठरावीक मुदतीपर्यंत राहिलं, वर नोंदी ठेवण्याचं प्रशिक्षण पूर्ण करायचं, आणि ताकीद. पण नोंदणी रद्द झाली नाही. औषध देण्यात कसूर नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. जिन्सीला हॉस्पिटलनं परत घेतलं. मी रागावलो की खरं बोलूनही शिक्षा कशाला. सुजाता म्हणाली, "आजोबांची मुलगी आयसीयूच्या बाहेर बसली होती. तिला विचारा कशाला ते." मी विचारायला गेलो नाही. कळलं मला.

ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना एवढंच सांगतो. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून "काही नाही झालेलं तुला" असं म्हणू नका. झालेलं असतं. पहिल्यांदा छातीत दुखलं तर आधी हृदयाची तपासणी कराच, अंदाजानं ठरवू नका. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि मानसोपचाराच्या ओपीडीत हेल्मेट काढून बसा. सुजाताला अजूनही कधीतरी छातीत धडधड होते. ती ओळखते, बसते, श्वास घेते, उठते. माझ्या ओळखीत इतकी धीट दुसरी बाई नाही. ती मला रागावेल हे वाचून, रागावू दे.

प्रशिक्षण झालं, मुदत संपली, नोंदणी सुरू झाली. एका छोट्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेली आणि कुणी विचारायच्या आधीच सगळं सांगून मोकळी झाली. त्यांनी घेतलं.

पहिल्या दिवशी मी शिफ्ट बदलून तिला सोडायला गेलो. वॉर्डाच्या दारापर्यंत वर गेलो. गाडीवर येताना मनात भाषण तयार केलं होतं. "हे बघ," मी सुरू केलं, "काही वाटलं तर लगेच मला फोन करायचा, आणि घाबरून..."

आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "सिस्टर! ओ सिस्टर, जरा इकडं या की!"

सुजाता वळली आणि गेली. माझं वाक्य तिथंच अर्धं राहिलं. ती मागं वळून बघेल म्हणून मी थोडा थांबलो. बघितलं नाही.

शेजारी उभ्या असलेल्या एकानं विचारलं, "पेशंट आहे का तुमचं आत?"

"नाही," मी म्हणालो. "बायको आहे. नर्स आहे ती."