डायलटोन यांच्या घरची लाइन

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून राबून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली ‘डायलटोन’ म्हणायची. नाव चेष्टेचं, पण त्यात खोटं काही नव्हतं. फोन दुरुस्त झाला की रिसीव्हर घरमालकाच्या कानाला लावून ‘येतो का टोन? नीट ऐका’ असं विचारल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नसत. घरमालकाला कमी ऐकू येत असलं तरी सुटका नव्हती, मग शेजाऱ्याला बोलावून ऐकवत. हाताखालच्या माणसांना त्यांनी एकच मंत्र दिला होता: आधी लाइन तपासा, मग तोंड उघडा.

त्यांचा दुसरा लौकिक जरा कडू होता. त्या काळी लोक खात्याला न कळवता आतल्या खोलीत दुसरा फोन जोडून घ्यायचे. डायलटोन यांना त्याचा वास यायचा. कपाटामागून, पडद्याआडून ते चोरटी तार ओढून काढत, पक्कडीने तोडत, आणि खिशातल्या लाल वहीत ‘बेकायदा जोडणी आढळली, तोडली’ असं लिहून खाली सही घेत. ओळखदेख, नातंगोतं काही चालायचं नाही. सख्ख्या साडूची तारसुद्धा त्यांनी अशीच तोडली होती. साडू पुढे सहा महिने बोलले नाहीत.

अशा माणसाच्या घरची लाइन रोज सकाळी अकराच्या सुमाराला तुटावी, याला काय म्हणायचं!

झालं असं की मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर, आणि घरी सून. सून गणिताची शिक्षिका. दोन वर्षं अर्ज करून करून हात टेकले, तेव्हा कुठे एका शाळेत घरूनच ऑनलाइन शिकवायचं काम मिळालं. तीन महिने परीक्षेवर, आवडलं तर कायम. तास रोज अकराचा. तास सुरू होऊन पंधरवडा झाला होता, आणि पहिल्या दिवसापासून रोज अकरा-दहाला अपूर्णांकाच्या मध्यावर सूनबाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायचा आणि चाळीस पोरं तिकडे कल्ला करायची.

मुलाने निघताना सांगितलं होतं, की ही जुनी तांब्याची लाइन काढा आणि काचेच्या तारेचं नवं फायबर कनेक्शन घ्या. डायलटोन यांना ते झोंबलं. ‘खांबापासून या दारापर्यंतची तार मी स्वतः ओढलीय,’ ते म्हणाले होते. ‘लाइनची जबाबदारी माझी. तू तुझी बोट सांभाळ.’

मंगळवारी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. शनिवारच्या तासाला त्या स्वतः बसणार होत्या. त्यानंतर ठरणार होतं, कायम की रजा.

बुधवारी सकाळी लाइन पुन्हा तुटली. सून खोलीतून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

‘लाइनला काही झालेलं नाही,’ डायलटोन म्हणाले. ‘त्या लॅपटॉपवर तू बारा खिडक्या उघड्या टाकतेस, तो तरी काय करणार बिचारा.’

‘बाबा, तासाला एकच उघडी असते.’

‘मग तो लॅपटॉपच आजारी असेल.’

सून वळून खोलीत निघून गेली. तिचं हे निघून जाणं त्यांना भांडणापेक्षा जास्त त्रास द्यायचं.

दुपारी ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं. कंपनीने दिलेला मोडेम आणि मुलाने आणून ठेवलेला राऊटर, दोघंही घरात कारभारीपणा करतायत. एका घरात दोन कारभारी असले की व्हायचं तेच होतंय. मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाका. म्हणजे मोडेमने फक्त हमाली करायची, आलेलं ओझं जसंच्या तसं राऊटरच्या दारात ठेवायचं. कंपनीला नाव आणि पासवर्ड सांगून आत शिरायचं ते राऊटर बघेल. डायलटोन यांना हे पटलं, कारण यात लाइनचा दोष कुठेच नव्हता.

गुरुवारी तास संपल्यावर, म्हणजे पुन्हा एकदा मोडल्यावर, ते चष्मा लावून बसले. लॅपटॉपवर मोडेमच्या सेटिंगचं पान उघडलं. पान इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. शोधून शोधून ‘ब्रिज’ सापडलं, त्यावर टिचकी मारली, आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं इंटरनेट गेलं. ते जाणारच होतं, राऊटरला नाव-पासवर्ड अजून कुणी सांगितलेलाच नव्हता. पण धीर धरेल तो डायलटोन कसला? त्यांनी टाचणी घेतली आणि मोडेमच्या पाठीतल्या भोकात खुपसली. मोडेम जन्मला तेव्हाइतका कोरा झाला. लाइन जुळायला लागणारे कंपनीचे जे दोन आकडे त्यात भरलेले होते तेही पुसले गेले. आगीतून उठून फुफाट्यात!

कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

‘सर, मोडेम बंद करून पुन्हा चालू केलात का?’

‘अहो, मी चौतीस वर्षं लाइनमन होतो.’

‘हो सर. पण बंद करून चालू केलात का?’

‘केला! दहादा केला! मला फक्त ते दोन आकडे आणि पासवर्ड सांगा.’

‘सर, राऊटर आमच्या कंपनीचा आहे का? बाहेरचा असेल तर आम्हाला मदत करता येत नाही.’

डायलटोन यांनी मोबाइल सोफ्यावर आपटला. बायको स्वयंपाकघरातून डोकावली. ‘अहो, त्या डब्यावर कशाला राग काढताय? पालथा करून बघा, तुम्ही सगळं खाली चिकटवून ठेवता.’ मोडेम पालथा केला. तळाला कागदाची पट्टी, त्यावर त्यांच्याच अक्षरात दोन आकडे, नाव आणि पासवर्ड. त्यांचे कान लाल झाले. बायको शहाणी, ती लगेच आत गेली.

पट्टीवरचं सगळं भरून रात्री जुनीच जोडणी कशीबशी चालू झाली, आणि शुक्रवारचा तासही अकरा-दहाला तुटला. पण दुपारी तीन वाजता, मोडेम आणखी दोनदा कोरा करून आणि राऊटरची वायर एकदा उलट्या भोकात घालून झाल्यावर, ते काम फत्ते झालं. मोडेम हमाल झाला, राऊटर कारभारी झाला. हिरवे दिवे ओळीने लागले. संध्याकाळपर्यंत एकदाही तुटलं नाही. डायलटोन यांनी सुनेला बोलावून दिवे दाखवले. ‘उद्या काळजी नको. लेखी हवं तर लेखी देतो.’

‘लेखी नको, बाबा,’ ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

शनिवार. अकराला दहा कमी असताना सुनेने खोलीचं दार लावून घेतलं. बायकोने आवाज नको म्हणून स्वयंपाकघराचंही दार ओढून घेतलं. डायलटोन बैठकीत मोडेमसमोर खुर्ची टाकून दिव्यांवर नजर लावून बसले. अकरा वाजले. आतून सुनेचा आवाज, मुलांचं एकसुरात ‘गुड मॉर्निंग’. अकरा-पाच. अकरा-आठ. त्यांनी खुर्चीत जरा अंग सैल सोडलं.

अकरा-दहाला लाइनचा दिवा लुकलुकायला लागला.

आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. लॅपटॉपला दोष देऊन झाला होता, राऊटरला झाला होता, मोडेमला झाला होता, त्या पाऊण तासाच्या गाण्यालासुद्धा झाला होता. राहिली फक्त लाइन. आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेला मंत्र या पंधरवड्यात आपण एकदाही पाळला नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं. स्वतःची लाइन म्हणून कधी तपासलीच नाही.

कपाटाच्या तळातून त्यांनी जुना टेस्ट फोन काढला, दोन चिमटे लोंबणारा तो लाइनमनचा ठोकळा. पक्कड घेतली आणि चप्पल न घालताच दाराबाहेरच्या, खांबावरची तार जिथे उतरते त्या डबीपाशी धावले. झाकण उघडलं, चिमटे लावले, फोन कानाला लावला. टोन नव्हता. बायकोचा आवाज होता.

‘... अगं ताई, काय सांगू तुला, ते ब्रिज का काय, चार दिवस डोक्याला नुसता ताप! नाही नाही, हळूच बोलतेय, दार लावलंय. सुनेचा तास चालू आहे ना.’

डायलटोन डबीकडे बघत राहिले. डबीतून दोन जोड्या निघत होत्या. एक बैठकीतल्या फिल्टरमधून, बोलणं आणि इंटरनेट वेगळं ठेवणाऱ्या त्या चिमुकल्या डब्यातून, मोडेमकडे जाणारी. दुसरी भिंतीच्या कडेने, रंगाखाली दडून, थेट स्वयंपाकघरात. तीस वर्षांपूर्वी बायकोला गॅस सोडून बैठकीत धावायला नको म्हणून एका रविवारी त्यांनी स्वतः ओढलेली. खात्याला न कळवता! तिला फिल्टर नव्हताच, त्या काळी फिल्टर होता कुणाकडे? बैठकीतला फोन मुलाने कधीच काढून टाकला होता. तीस वर्षं बायको, आपल्या आणि बहिणीच्या घरचे पुरुष कामावर गेले, भाजी चिरून झाली, की अकराच्या सुमाराला बहिणीला फोन लावत होती. तिने रिसीव्हर उचलला की इंटरनेट मान टाकत होतं, आणि तिने ठेवला की परत येत होतं. रोज परत यायच्या वेळी डायलटोन कशाशी तरी झटत असायचे, त्यामुळे त्यांना वाटायचं आपल्या हाताला यश आलं.

‘फोन ठेव,’ ते टेस्ट फोनमध्ये म्हणाले.

‘अगं बाई! कोण बोलतंय?’

‘लाइनमन,’ ते म्हणाले, आणि दुसरी जोडी पक्कडीने कचकन तोडली.

बैठकीत परतले तेव्हा दिवा अजून लुकलुकत होता. एक मिनिट गेलं. त्या मिनिटात त्यांनी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या चौतीस वर्षांत कुठल्या खांबालाही घातल्या नव्हत्या. मग दिवा थांबला, हिरवा झाला, आणि खोलीतून सुनेचा आवाज आला, ‘दिसतोय का आता फळा सगळ्यांना?’

बारा वाजता सून बाहेर आली. डोळे ओले होते. डायलटोन यांनी दोष एक्स्चेंजवर ढकलायची एक गोष्ट मनाशी जुळवून ठेवली होती, ती जिभेवर येऊन थांबली.

‘सोमवारपासून कायम,’ ती म्हणाली. ‘लाइन गेली तेव्हा बाईंचा मेसेज आला, तास इथेच थांबवू का म्हणून. खोलीत मोबाइलला एकच दांडी, पण उत्तर गेलं कसंबसं. मी लिहिलं, दोन मिनिटं द्या, माझे सासरे लाइनमन आहेत.’

चार दिवस हिच्या लॅपटॉपला नावं ठेवली, हिच्या बारा खिडक्या मोजल्या, आणि हिने त्यांच्या भरवशावर नोकरी टांगली होती.

ते आत गेले, कपाटातून लाल वही शोधून आणली. शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं: ‘बेकायदा जोडणी आढळली, तोडली.’ घरमालकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, खाली सही केली आणि वही सुनेसमोर धरली.

‘तुझी काही चूक नव्हती, बाळ. लॅपटॉपचीही नव्हती. माझी होती.’

सुनेने ते वाचलं. ती स्वयंपाकघरात गेली. तिथे सासूबाई मुक्या रिसीव्हरकडे बघत बसल्या होत्या.

‘आई, हा घ्या माझा फोन,’ ती म्हणाली. ‘मावशी काळजीत असतील.’

‘काळजी कसली?’ सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘तिला सवय आहे. तिच्या घरचीही यांनीच तोडली होती.’