डब्यांच्या फौजदार

आक्कांना कुजबुजता येत नसे. माझ्या लेकीच्या बालवाडीतल्या या सेविका. त्यांनी बाईंच्या कानात सांगितलेलं गुपितही फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाई, आणि रिक्षावाले त्यावर आपलं मतही देत.

माझ्या सईला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. कोल्हापुरात कूट टाळून जेवायचं म्हणजे रंकाळा तलावात उतरून कोरडं राहायचं. पहिल्याच दिवशी मी आक्कांना सगळं समजावलं, औषधाची बाटली दिली, डॉक्टरांचा नंबर दिला. त्या हसल्या. "शेंगा खाऊन कोण आजारी पडतंय व्हय? आमी शेंगांवरच वाढलोय की."

पंधराच दिवसांत सईनं कुणाच्या तरी डब्यातली साबुदाण्याची खिचडी घासभर खाल्ली. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू झाली. आक्कांनी तिला कडेवर घेतलं आणि अनवाणीच समोरच्या दवाखान्यात पळाल्या. मी पोचले तेव्हा इंजेक्शनचा गुण येऊन सई बिस्किट मागत होती आणि आक्का कोपऱ्यात बसून रडत होत्या, अगदी आवाज न करता.

दुसऱ्या दिवसापासून त्या डब्यांच्या फौजदार झाल्या. फाटकातच प्रत्येक डबा उघडायचा, हुंगायचा, संशय आला की चटणी जप्त. जेवण झालं की सगळ्या पोरांनी साबणानं हात धुवायचे, चूळ भरायची आणि आक्कांसमोर 'आ' करायचा. पोरांना हे इतकं आवडलं की ती घरी आईबापांनाही 'आ' करायला लावू लागली. एका पोरीपायी सगळ्यांना शिक्षा कशाला, अशी कुरकुर एका वडिलांनी केली. आक्का म्हणाल्या, "पावणं, चटणी सांजच्याला घरी खाता येती. श्वास सांजच्याला घेऊ म्हनून चालत न्हाय." त्या गृहस्थांचा मुलगा पुढं सईच्या शेजारीच बसायला लागला.

एका प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे पोरांसाठी टोपलीभर चिक्की घेऊन आले. भाषण चालू असतानाच आक्कांनी टोपली उचलली, रिक्षावाल्यांना वाटून टाकली आणि पाहुण्यांना हात धुवायला नेलं. त्यांनी धुतले. चूळही भरली. परत येतात तोवर पहिल्या रांगेतली पोरं तयारच होती. पाहुण्यांनी 'आ' केला. तो फोटो अजून शाळेच्या भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या. निरोपाला बोलायला उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तीन वर्सं म्या शेंगदाणा तोंडात घातला न्हाय. ही पोरगी गळ्यात पडती, पापे घेती. आता उद्या सकाळी चटणी-भाकरी खानार." सगळे हसले. मीही हसले, पण हसता हसता मला समोरचं दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला, चटणी खाल्ली का म्हणून विचारायला.

"तीन भाकऱ्या खाल्ल्या," आक्का म्हणाल्या. आणि लगेच पुढं म्हणाल्या, "पोरगी आज यायची म्हनत हुती न्हवं? तिला सांगा, परवा ये. तवर म्या तोंड धूत बसते."