वावटळीत उभी राहिलेली वहिनी

तापल्या धुळीचा वास आला की भूम-परंडा रस्त्यावरची ती वावटळ आठवते. मातीचा उंच खांब गरगरत, शेडचे पत्रे उचलत आमच्या जीपकडं येत होता. चुलत्यांनी गाडी थांबवली. “झाडाखाली नगं, चारीत पालथं पडा!” आम्ही रस्त्याकडेच्या चारीत पडलो, त्यांची नवी सून मात्र पदर धरून काठावर उभीच. “पडा की, वहिनी!” मी ओरडलो. “मामंजींपुढं आडवं कसं व्हायचं?” ती रडवेली होऊन म्हणाली. चुलत्यांनी पडल्यापडल्याच तोंड पलीकडं फिरवलं. “बघत न्हाय म्या. पड, माझे बाई!” ती पडली आणि एक पत्रा सणसणत डोक्यावरून गेला. वहिनी वाचली, रीतही वाचली. त्या रीतीविरुद्ध मी आजही जळजळीत पत्रकं लिहितो, फक्त त्यांत चुलत्यांना शत्रू म्हणता येत नाही.